कंपनीची नळी

कुंडलच्या नाथाजींची मोटार पंधरा वर्षांची झाली, म्हणून ते ती आरटीओत फेरपासिंगला घेऊन गेले. ब्रेकच्या रबरी नळ्या चिरल्यामुळे त्यांनी कुपवाडात स्टीलची जाळी विणलेल्या नव्या नळ्या बसवून घेतल्या होत्या.

“या नळ्या कंपनीच्या नाहीत. बेकायदा आहेत,” तपासणीचे साहेब म्हणाले. “जुन्याच लावून आणा.”

“आवं सायेब, त्यातनं तेल गळतंय.”

“गळू दे. कंपनीच्या आहेत ना?”

दुसऱ्या दिवशी नाथाजी जुन्या नळ्या लावून, पहिल्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून आले. साहेबांनी वाकून नळीवरचा कंपनीचा शिक्का वाचला आणि ते खूश झाले.

“आता बसा सायेब. येक चक्कर मारू, ब्रेक बगा.”



साहेबांनी दोन पावलं मागे सरकून फॉर्मवर लिहिलं, ‘ब्रेक उत्तम.’