चाळीसचे आठ

"आठच दाखवतोय," रत्नदीप म्हणाला.

विनिताने मांडीवरची पर्स घट्ट धरली. "वर तर चाळीस लिहिलंय."

उघड्या सीपीयूतल्या हार्ड डिस्कचं पिवळं पडलेलं लेबल तिलाही वाचता येत होतं. चाळीस जीबी. कॉम्प्युटर दुरुस्तीचं कल्याणचं हे दुकान तिने मुद्दाम शोधलं होतं. आंबिवलीत सगळे ओळखीचे, आणि ओळखीचा माणूस कुणाच्या कानाला लागेल याचा नेम नाही. "मशीन ठेवून जा मॅडम," असं रत्नदीपने सांगितल्यावर ती स्टूल ओढून त्याच्या समोरच बसली होती.

सासरे जाताना दोघी सुनांना सांगून गेले होते, "घराचं काय करायचं ते कॉम्प्युटरवर बोलून ठेवलंय. दोघींनी मिळून ऐका." आंबिवलीच्या दोन खोल्या, एवढीच इस्टेट. त्यात विनिता आणि तिचा नवरा सुशांत सासऱ्यांसोबत राहत होते. धाकटा दीर राकेश आणि त्याची बायको संचिता टिटवाळ्याला भाड्याने.

दहाव्याला नदीवर कावळा काही शिवेना. सगळ्यांनी शब्द देऊन पाहिले. शेवटी विनिताच हात जोडून पुढे झाली. "बाबा, तुम्ही बोलून ठेवलंय तसंच होईल." कावळ्याने लगेच चोच मारली.

त्या वेळी आंबिवलीच्या घरी एकटी संचिता होती. आणि तेरावं झाल्यावर बटण दाबलं, तर मशीन सुरूच होईना.

मोबाइल वाजला. संचिताच.

"ताई, झालं का चालू?"

"बघतोय तो."

"काय झालेलं, कळलं का?"

"सांगते नंतर." विनिताने फोन ठेवला. सकाळपासून हिचे सारखे फोन. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"असं मुद्दाम करता येतं का हो?" तिने विचारलं.

"येतं की. या जुन्या मशीनला डिस्क केवढी, चालू कुठून व्हायचं, सगळं सेटिंगमध्ये सांगून ठेवायला लागतं. ते लक्षात राहतं या सेलवर." त्याने कोटाच्या बटणाएवढा सेल दाखवला. "नखाने ही पट्टी मागे केली की येतो हातात. मग मशीन विसरलं सगळं. चाळीसची डिस्क त्याला आठची वाटते, आतलं काही उघडत नाही."

"म्हणजे काढलाच होता कुणीतरी."

"नाही हो. सेल जागेवर आहे, जुना होऊन मेलाय. धूळ बघा ना वरची. कित्येक वर्षांत कुणी बोट लावलेलं नाही."

विनिता ओशाळली. बिचारीवर उगाच संशय घेतला. घरी बोलावून तिला गोडाधोडाचं जेवू घालायचं, असं तिने मनाशी ठरवलं. बाबांनी काय बोलून ठेवलं असेल हे काय सांगायला हवं? औषधं, पथ्य, शेवटी शेवटी अंघोळसुद्धा तिनेच घातली होती. मनातून तिला संचिताची थोडी कीवच आली.

रत्नदीपने नवा सेल बसवला, सेटिंग केलं. स्क्रीनवर चाळीस आले.

"लावू?"

दोघींनी मिळून, असं बाबा म्हणाले होते. विनिताने स्टूल पुढे ओढलं. "हेडफोन द्या. मी ऐकते आधी."

आधी खाकरणं ऐकू आलं. मग तोच संथ आवाज.

"विनिता, संचिता. घर संचिताच्या नावावर करा. राकेशच्या नको, तो विकून मोकळा होईल. तिला हक्काचं छप्पर पाहिजे. सुशांतचं बरं चाललंय, तो दुसरं घेईल. विनिताने माझं पोटच्या मुलीसारखं केलं. तिला वाईट वाटेल, मला माहीत आहे. पण पोरगी शब्दाची पक्की आहे. तिच्या भरवशावर मी निर्धास्त जातोय."

विनिताने हेडफोन काढले. तिचे डोळे भरून आले होते. एवढं करून तिच्या वाट्याला नुसतं कौतुक आलं होतं.

"मिळालं ना?" रत्नदीपने विचारलं.

"बंद करा मशीन."

त्याने बंद केलं आणि झाकणाचे स्क्रू शोधायला आत गेला. मोबाइल पुन्हा वाजला. विनिताने तो खांद्याने कानाशी दाबला, सीपीयूवर वाकली आणि नखाने पट्टी मागे केली.

"नाही गं संचिता," ती म्हणाली, "आठच दाखवतोय."