माळावरची माती

रझाकारी सरली, वाटा मोकळ्या झाल्या, तसा सूर्यभान राणीसावरगावाहून चालत गंगाकाठच्या लेकीकडं गेला. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं खायचं नसतं, म्हणून पोट पाठीला लागलं तरी तो ओसरीवर ताठ बसून होता.

"ओढ्यानं औंदा बी आपलं माळाचं रान कातरून नेलं," तो म्हणाला. "निस्ता खडक उरलाय."

पारूनं बापापुढं भाकर ठेवली. "खावा बा. ती समदी माती पुरात इथंच येऊन बसती. त्याच गाळातली जवारी हाय ही."

सूर्यभाननं भाकर उचलून उलटीपालटी करून पाहिली.

"मंग खातो," तो म्हणाला. "पण ताटात मीठ वाढू नको. मीठ तुमच्या घरचं हाय."