उजव्या दिव्याचा तीळ

“डावा कुठला न् उजवा कुठला, एवढं तरी ध्यानात ठेवा दाजी,” शटरखालून वाकून आत येत मेहुणा म्हणाला. “नाहीतर पारखी यायचा आणि तुम्हीच गोंधळायचात.”

टेबलावर जुन्या मोटारीचे दोन पितळी दिवे शेजारी शेजारी ठेवले होते, जुळ्या भावांसारखे. दोन्ही काचांवर तोच पिवळट धुरकटपणा, दोन्ही कडांना तेच पोचे.

“डावा वडलांचा,” दिवेवाला म्हणाला. “कारखान्यातून आला तसा.”

“आणि उजवा?”

दिवेवाल्यानं उजव्याच्या कडेवरचा भुसा फुंकला.

“तोही कारखान्यातलाच,” मेहुणा हसला. “दोन्ही एकाच आईचे.”

उजवा दिवा दिवेवाल्यानं ह्याच टेबलावर घडवला होता. पत्रा ठोकला, मिठाच्या पाण्यात बुडवला, ओल्या भुशात पुरला. भुशातून निघाला तो म्हातारा होऊनच. असे कितीतरी म्हातारे त्यानं जन्माला घातले होते, आणि मेहुण्यानं ते अस्सल म्हणून कुठकुठल्या मोटारींच्या कपाळी लावून दिले होते. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटातही त्यातले चार होते. मेहुणा पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवायला न्यायचा आणि परतीच्या वाटेवर एकटाच हसायचा.

शटर नेहमी अर्धंच उघडं असे. आत येताना वाकायचं, बाहेर जाताना वाकायचं. वर मेहुण्याचं घर, मागच्या दोन खोल्यांत दिवेवाला आणि त्याची बायको. तो कधी नाही म्हणायला तोंड उघडे, तर बायको हळूच म्हणे, “अहो, ज्याच्या छपराखाली निजायचं, त्या छपरावर दगड मारू नये.” आणि तोंड फिरवून धुतलेलीच भांडी पुन्हा धूत बसे. तिचाच भाऊ, त्याचंच छप्पर. ती तरी जाणार कुठे?

म्हणून त्यानं तीळ शोधून काढला होता. दिवा पुरा झाला, की काच धरून ठेवणारी समोरची रिंग बसवण्याआधी तो टोच्यानं आतल्या कडेवर एक बारीकसा ठिपका उमटवी. बाळाच्या गालावर असावा तसा. मेहुण्याला त्याचा पत्ता नव्हता. कधीतरी कुणीतरी रिंग काढील, विचारील, हा तीळ कसला? मग सांगून टाकायचं. ते वाक्य त्यानं मनात इतकं घोळवलं होतं, की नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं. पण विचारायला कुणी आलंच नाही.

आजचा पारखी रिंग काढून बघतो, असं ऐकलं होतं. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाचा माणूस. अस्सल ठरेल त्या दिव्याला प्रदर्शनात जागा. खोटा ठरेल त्याच्या वरच्या कडेवर तो ‘नक्कल’ असा ठसा ठोकी, पुन्हा कुठे खपू नये म्हणून.

म्हणूनच दिवेवाल्यानं खिळ्यावरचा वडलांचा दिवा उतरवून दिला होता. वडील ड्रायव्हर. मोटार मोडीत गेली तेव्हा मालकानं आठवण म्हणून हा एक दिवा त्यांच्या हातावर ठेवला. “दिवा असा पुसावा की आपलं तोंड दिसावं,” ते म्हणत, “आणि तोंड असं ठेवावं की बघायची लाज वाटू नये.” दिवेवाल्यानं कित्येक वर्षांत त्या दिव्यात पाहिलं नव्हतं. आज खऱ्याशेजारी खोटं ठेवलं, की ते आपोआप डोळ्यांत भरेल. मेहुण्याला वाटलं, दाजी अखेर सुतासारखे सरळ झाले.

पारखी आला तो शटरला डोकं आपटूनच.

“दार उंच करा हो,” कपाळ चोळत तो म्हणाला. “पारख करायला आलोय, दंडवत घालायला नाही.”

तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं पिशवीतून भिंग काढलं, ठसा काढला, हातोडी काढली. दिवे हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले.

“सुरेख जोडी आहे. दोन्ही अस्सल?”

“म्हणजे काय,” मेहुणा म्हणाला.

“ह्यांना विचारतोय.”

मागच्या दारात बायको चहा घेऊन थबकली होती. दिवेवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. ट्रेमधले कप किणकिणले. मग तिनं ट्रे खाली ठेवला आणि भावाकडे पाठ करून उभी राहिली.

“डावा अस्सल,” दिवेवाला म्हणाला. “उजवा मी घडवलाय. रिंग काढून बघा, आत तीळ आहे.”

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. “दाजींना ऊन बाधतं,” तो कसाबसा म्हणाला. कुणी हसलं नाही.

पारख्यानं दोन्ही रिंगा काढल्या. उजव्यावर त्याचं भिंग थांबलं. मग डाव्याच्या कडेवरून ते फिरत राहिलं, पुन्हा फिरलं, काही हरवल्यासारखं. दिवेवाल्याची पाठ ताठ होत होती. शटर पुरं वर गेल्यासारखं त्याला वाटलं.

“तीळ तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे तुम्ही कच्चे नाही,” पारखी म्हणाला. “पण मग उलटं कशाला सांगता? अस्सल दिवा घरी ठेवून घ्यायचा होता, तर तसं म्हणायचं.”

“उलटं?”

“संग्रहालयातल्या चारही दिव्यांत हाच तीळ आहे. आम्ही सगळे पारख शिकलो, ती त्यांच्यावरच.”

“ते चारही माझे आहेत.”

“असं म्हणणारा प्रत्येक गावात एक भेटतो, काका.”

पारख्यानं मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग वडलांचा दिवा पुढे ओढला, वरच्या कडेवर ठसा टेकवला आणि हातोडी उचलली.