एक एस जास्त

हिमांशूनं स्कूटर लावली आणि हेल्मेट काढायच्या आधीच विचारलं, "सत्यभामाबाई कुठं राहतात?"

दारात ज्वारी निवडत बसलेल्या म्हातारीनं मान वर केली. "कोण? ती बासुंदीवाली व्हय?" आणि तोंडभर हसली. "पुढचं हिरवं दार."

हिमांशूनं हेल्मेट हळूच काढलं. म्हणजे गल्लीतसुद्धा तिचं हेच नाव पडलं होतं.

शहरातल्या एका क्लासमध्ये तो इंग्रजी शिकवायचा आणि फावल्या वेळात इंटरनेटवर 'इंग्रजीची ऐशीतैशी' नावाचं पान चालवायचा. बहुवचनाच्या मानगुटीवर बसलेला अपॉस्ट्रॉफी, 'हरणं' या अर्थाचं 'लूझ' लिहायचं तिथं एक ओ जास्त पडून झालेलं सैल 'लूज', असलं काही दिसलं की उचलायचं आणि वर एक टोमणा टाकायचा. लोक हसायचे. त्यालाही बरं वाटायचं.

बजाजनगरच्या पलीकडं, कालपर्यंत जिथं तूर उभी असायची तिथं प्लॉट पडून घरं झाली होती. नळ तिथवर आलाच नव्हता. उन्हाळ्यात बोअरही आटले, तेव्हा तिथल्या या बाईनं शहराच्या ग्रुपवर इंग्रजीत लिहिलं, की साहेब, आमची कॉलनी वाळवंट होत चालली आहे, पाणी पाठवा. 'डेझर्ट' लिहिताना मात्र तिच्याकडून एक एस जास्त पडला आणि वाळवंटाचं जेवणानंतरचं गोड झालं.

हिमांशूनं ते नावगावासकट आपल्या पानावर लावलं. वर लिहिलं, "एक एस जास्त पडला आणि कॉलनीची बासुंदी झाली!"

लोक तुटून पडले. "चमचा घेऊन निघालोय." "साखर बेतानं घाला, बाई." "पाणी नको, आधी डिक्शनरी पाठवा." ज्यानं त्यानं ओळखीच्या माणसांना टॅग केलं. त्याची एवढी पळालेली पोस्ट आजवर नव्हती.

त्याच्या बायकोनं, वैदेहीनं, ती वाचली. ती हसली नाही.

"पाणी मिळालं का तिला?"

"मला काय माहीत?"

"एवढ्या लोकांनी वाचलं म्हणून विचारलं."

वैदेही तेवढंच बोलून आत गेली. पण ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं बाईचं खातं उघडून पाहिलं. आधी ती रोज काहीबाही टाकायची, सासूबाईंचे फोटो, सणाच्या शुभेच्छा. बासुंदीच्या दिवसानंतर तिथं एक अक्षर नव्हतं. त्यानं माफीचा मेसेज पाठवला. तो तिनं उघडलासुद्धा नाही.

त्यानं पानाची नोटिफिकेशन्स बंद केली. ती हसणारी तोंडं आता बघवत नव्हती. वर्गात धड्यात तोच शब्द आला, मुलं खिदळली, आणि त्यानं पुढचं वाक्य दोनदा वाचलं.

शेवटी सोमवारी सकाळी त्यानं पानच काढून टाकलं. मोबाईलनं बजावलं, हे कायमचं जाईल, परत मिळणार नाही. त्यानं होकार दिला. जरा हलकं वाटलं.

"तिला सांगितलंस का?" वैदेहीनं विचारलं.

म्हणून तो आज आला होता.

हिरवं दार तिनंच उघडलं. त्याच्याच वयाची असेल. क्लासमधले सर आहेत एवढं कळल्यावर तिनं प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली आणि पाणी आणलं.

"अर्धाच पेला हाय, सर. राग मानू नका."

त्यानं तो एका दमात संपवला.

"ताई, ते पान... तुमचं इंग्रजी ज्यावर टाकलं होतं, ते माझं."

ती त्याच्याकडं बघत राहिली. "बासुंदीचं?"

"हो."

ती उंबऱ्यापाशी खाली बसली.

"लई रडले होते मी त्या दिवशी," ती म्हणाली. "बारावीला इंग्रजीत पास झाले तर माझ्या बापानं सिल्लोडात पेढे वाटले होते. हितं पण सगळ्या बाया म्हटल्या, तू लिही, तुलाच येतं. आन् मीच हसं करून घेतलं. मोबाईल हातात धरू वाटंना."

"चुकलं माझं, ताई. मी काय केलंय ते सांगायलाच आलो. मी सोमवारी..."

"थांबा, ऐका तर खरं." तिनं डोळे पुसले आणि हसली. "हसणाऱ्यातल्याच कुणीतरी पाणीखात्याच्या वरच्या साहेबाला तिथं बोलावलं. एवढं शहर वाचतंय म्हटल्यावर साहेबाला लाज वाटली असंल. दुसऱ्याच दिवशी टँकर गल्लीत! मग रोजच. पाणी वतून झालं की ड्रायव्हर फोटो काढून तुमच्या पोस्टीखाली टाकायचा. साहेबाचा हुकूमच होता, लोक हसलेत तिथंच लोकांना दिसू द्या. तुम्ही बघितलेच असतील की."

हिमांशूनं रिकामा पेला खाली ठेवला.

"सासूबाई तर दिवा लावताना म्हणतात, त्या बासुंदीवाल्या दादाचं भलं होऊ दे. गल्लीनं माझं नावच ते पाडलंय." ती उठली, फळीवरचा मोबाईल काढला. "बरं झालं देवासारखे आलात. मी तुम्हालाच हुडकणार होते. सोमवारपासून ती पोस्ट कुणालाच घावंना, अन् टँकरबी येईना. ड्रायव्हर म्हणतो, फोटो टाकायला जागा नाय तर टँकर आणून दाखवू कुणाला?"

तिनं मोबाईल त्याच्या हातात दिला.

"तुमचंच पान हाय, सर. तेवढी वर काढून द्या."