बिनआवाजाचा लॅपटॉप

श्रुतिकाने दोन्ही लॅपटॉप खिडकीशी शेजारी शेजारी मांडले आणि आळीपाळीने त्यांना कान लावला. काळा घुमत होता. करडा अगदी मुका.

दोन्ही वापरलेलेच, कुठल्यातरी कंपनीने काढून टाकलेले. महाडच्या दुकानदाराने, विनीतने, ते एका दिवसाच्या बोलीवर दिले होते. संध्याकाळी एक परत करायचा. काळ्याचं कौतुक त्याने तोंड भरून केलं होतं. रॅम वाढवा, दुसरी एसएसडी टाका, गडी थकायचा नाही, फक्त पंखा तेवढा बोलका. करड्याला पंखाच नव्हता, पण आतलं सगळं कायमचं चिकटवलेलं, स्टोरेज वाढवायची सोय नाही. एकाचं तोंड आवरत नाही आणि दुसऱ्याचं पोट लहान. धड एकात काही मिळेल तर शपथ.

तोंडाचाच तर घोळ होता. पोलादपूरच्या वरच्या ह्या वाडीत बसून श्रुतिका दूरदूरच्या दुकानदारांना बिलाचं सॉफ्टवेअर शिकवायची. शिकवणं थोडं, बघणं फार. दुकानदार चाचपडत बिल बनवायचा, ही माइक उघडा ठेवून गप्प बसायची आणि तो चुकला की टोकायची. त्या गप्प बसण्यात तिच्या जुन्या लॅपटॉपची घरघर पलीकडे ऐकू जायची. तो लॅपटॉप परवा कायमचा गेला. वाशीच्या ऑफिसातून प्रियदर्शिनी मॅडमनी फोन स्पीकरवर असतानाच बजावलं होतं, की आज अकराच्या कॉलवर त्या स्वतः ऐकत बसणार; पुन्हा आवाज आला तर पुढच्या महिन्यापासून वाशीला येऊन काम करायचं. म्हणजे काचबिंदूने डोळे गेलेल्या बापाला इथे एकटं टाकून.

तिने काळा बंद केला, करडा पुढे ओढला आणि सराव सुरू केला. त्याची बटणंसुद्धा मऊ होती, दाबल्याचा आवाज होत नव्हता.

"श्रुती, हायस काय गो?" माजघरातून रावजींची हाक आली.

"हितंच हाय, बाबा."

जरा वेळ गेला आणि पुन्हा तीच हाक. ती चिडून आत गेली. कॉल आहे, अर्धा तास बोलू नका, असं तिने समजावलं. रावजींनी मुकाट मान डोलावली. ती खिडकीशी येऊन बसते न बसते तोच आतून, ह्या वेळी दबकत, आवाज आला, "गेलीस काय?"

मग तिच्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस त्यांनी कधी हाक मारलीच नव्हती. जुना पंखा घरघरत होता, बटणं वाजत होती, तोवर पोर घरात आहे एवढं त्यांना पुरत होतं. आता घर मुकं झालं आणि ते घाबरले. काळा घ्यावा तर पंखा ऐकू जाणार, करडा घ्यावा तर बाबा. ही तर आगीतून फुफाट्यात उडी झाली. आपण चिडलो ह्याचीच तिला लाज वाटली.

अकरा वाजत आले होते. खिडकी सोडली तर घरात कुठे रेंज नव्हती. श्रुतिका उठली. काळा उचलून तिने माजघराच्या उंबऱ्याच्या आतल्या अंगाला ठेवला, त्यावर पेनड्राइव्हवरचा एक जड व्हिडिओ आवाज बंद करून लावला आणि पंखा घुमायला लागल्यावर दार ओढून घेतलं.

"लागलं वाटतं काम," आतून रावजी समाधानाने म्हणाले. तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

कॉल झाला. दुकानदाराने बिलात दोनदा चूक केली, दोनदा सुधारली. मधल्या शांततेत तिचा जीव कानात गोळा झाला होता, पण हाक आली नाही. शेवटी रेकॉर्डिंग साठवताना करड्याने जागा कमी पडते म्हणून कुरकुर केली, तेवढंच. मॅडम खूश होत्या. इतका स्वच्छ आवाज ऑफिसातूनसुद्धा येत नाही म्हणाल्या, आणि वाशीचा विषय त्यांनीच मिटवला.

ते सांगायला श्रुतिकाने धावत जाऊन दार उघडलं.

रावजी खाटेवर नव्हते. उंबऱ्याशी जमिनीवर बसून त्यांनी काळ्याच्या पाठीवर तळवा ठेवला होता.

"बटणांवर बोटं वाजत नव्हती गो," ते म्हणाले. "तवाच कळलं, ह्यो येकटाच चाललाय."

श्रुतिका ओशाळली. कळलं होतं तर हाक का नाही मारलीत, असं तिने कसंबसं विचारलं.

"त्या बाई वाशीचं बोलल्या ते मी आयकलंय," रावजी म्हणाले. "म्हटलं, सवय करून बघू."

पंखा घुमत होता. त्यांनी हात काढला नाही.