डायनासोरची शेपटी

“ही शेपटी कोणी शिवली?” दीपिका ओसरीवरूनच कडाडली.

मुंबईहून आणलेल्या डायनासोरच्या पोशाखाला शेपटी नव्हती. आता तिथे हिरव्या लुगड्याची, आत काथ्या कोंबलेली भलीमोठी शेपटी लोंबत होती.

“मीच गो,” थोरली जाऊ शर्मिला म्हणाली. “तन्वी रडत होता. शेपटी नाय, मगे कसलो डायनासोर म्हणून.”

“वहिनी, थीम माझी आहे. मला विचारायचं तरी!”

दीपिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तीन दिवस हेच चाललं होतं. तन्वीचा पाचवा वाढदिवस सासरी, तोंडवलीच्या घरीच करायचा, पण सगळं आपल्या हातांनी, असं ती मुंबईतच ठरवून निघाली होती. आपल्या लेकीचं आपण किती करतो, ते या गावाने एकदा डोळे भरून बघायला हवं होतं.

आणि ही बाई! कणकवलीहून केक यायच्या आधीच हिच्या नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या तयार. का, तर म्हणे ‘तन्वीक आवडतत.’ डायनासोरची प्लास्टिकची अंडी दीपिकाने हौसेने मांडली, तर हिने नारळांवर चुन्याचे ठिपके काढून ते माडांखाली लपवले. पोरं सकाळपासून तेच शोधत होती. प्लास्टिकच्या अंड्यांकडे कुत्रंही फिरकलं नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला हिचं काय जातं!

नवऱ्याला, दीपेशला सांगून पाहिलं. “जाऊ दे ना, हौस आहे वहिनीची,” म्हणून तो मोकळा झाला.

“मोठीआई, माझी शेपटी!” तन्वी धावत आली ती थेट शर्मिलाकडे.

“काकू म्हण!” दीपिका खेकसली. “किती वेळा सांगितलं तुला?”

शर्मिला उठली. सुईदोरा उचलून आत गेली.

दीपिकाने शेपटी टरकन उसवली. तन्वीने असं भोकाड पसरलं की शेवटी दीपिकालाच दातओठ खात ती परत टाचावी लागली. टाके वाकडेतिकडे पडले.

संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात सगळी वाडी जमली. केकवर पाच मेणबत्त्या लागल्या, तेवढ्यात सासरे दत्ताराम हात जोडून पुढे झाले.

“आधी देवाक गाऱ्हाणा.”

“बाबा, वाढदिवसापुरतंच म्हणा हं. बाकी काही नको,” दीपिका घाईने म्हणाली.

“देवासमोर वेचून बोलूक येत नाय गो.”

झालं! यांचंही सुरू. पण चारचौघांत भांडायचं कसं? दीपिका राग गिळून तन्वीच्या कानाशी वाकली. “आजोबा थांबले की ओरडायचं, होय म्हाराजा! सगळ्यांत मोठा आवाज माझ्या पिल्लाचा यायला हवा.”

“बा देवा रामेश्वरा म्हाराजा! तुझा ह्या लेकरू आज पाच वर्षांचा झाला. तेच्या वाटेतला वाकडा-नडा दूर कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” खळं दणाणलं. तन्वीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तीन दिवसांत दीपिका पहिल्यांदाच हसली.

“शर्मिलान आपल्या पोटचा ह्या चेडू तिसऱ्या दिवशी दीपिकाच्या ओटीत घातल्यान. दोनय आवशींची माया तेका सारखीच मिळू दे रे म्हाराजा!”

खळ्यातल्या सगळ्या माना खाली गेल्या. दीपिकाकडे बघत, शेपटी सावरत, तन्वी एकटीच बेंबीच्या देठापासून ओरडली, “होय म्हाराजा!”