चिचगडची गुंजन

“गुंजनचा नंबर नाही म्हणजे काय, मावशी? पोटच्या मुलीचा नंबर नाही तुमच्याकडे?”

घरापुढच्या सपरीत बसून नंदाबाई सुपातल्या तांदळातले खडे वेचत राहिली. समोर चटईवर योगेश्वरी बसली होती आणि दोघींच्या मध्ये तिचा मोबाइल, रेकॉर्डिंग चालू करून ठेवलेला.

योगेश्वरी नागपूरला मानसशास्त्र शिकवायची. माणसे आपल्या आयुष्याची गोष्ट कशी सांगतात आणि सांगता सांगता त्या गोष्टीसारखीच कशी होत जातात, यावर तिने बारा वर्षे घालवली होती. आता त्याचे पुस्तक होणार होते, आणि पहिल्या प्रकरणात तिने स्वतःचीच गोष्ट घातली होती. सहा वर्षांची असताना, ऐन भाताच्या रोवणीच्या दिवसांत, तिने शेतातल्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, बुडणाऱ्या गुंजनला हात धरून बाहेर काढले होते. गुंजन तेव्हा नऊ वर्षांची. तिची आई नंदाबाई योगेश्वरीच्या घरच्या शेतात रोवणीला यायची. योगेश्वरीचे सगळे धाडस या एका गोष्टीवर उभे होते. मुलाखत असो, घटस्फोट असो, ती मनाशी म्हणायची, मी गुंजनला काढलेय, हेही निभेल.

एकाच प्रसंगाची गोष्ट दोन्ही बाजूंनी ऐकायची, हा तिच्या संशोधनातला पहिला नियम. विद्यार्थ्यांकडून तो ती दटावून पाळून घ्यायची. स्वतःला मात्र कधी लावला नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरे काय! गुंजनची बाजू ऐकायला म्हणूनच ती आज बत्तीस वर्षांनी आपल्या जुन्या गावी, दवनीवाड्याला, आली होती. त्या प्रसंगानंतर गुंजन चिचगडला मामाकडे गेली आणि पुढे तिकडेच तिचे लग्न झाले, एवढे तिला ठाऊक होते. गुंजन गेली त्याच वर्षी योगेश्वरीच्या वडिलांनी, मनोहरलालजींनी, शेती ठेक्याने देऊन बिऱ्हाड नागपूरला हलवले होते. पुढे गावाचे नाव काढले की आई विषय बदलायची. आता आईवडील दोघेही राहिले नव्हते.

“पयले तू सांग,” नंदाबाई म्हणाली. “पुस्तकात लिवली तशीच सांग. तुह्या तोंडून ऐकाची हाय मले.”

योगेश्वरीला बरेच वाटले. ही गोष्ट तिने शंभर व्यासपीठांवर सांगितली होती. तिचा आवाज आपोआप भाषणाचा झाला.

“बायका भाताच्या बांधीत पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत होत्या. आम्ही दोघी बोडीच्या काठच्या पाळीवर खेळत होतो. गुंजनचा पाय घसरला. पाणी गढूळ होतं, काहीच दिसत नव्हतं. नाकातोंडात चिखल. मग वरून हात आला. मनगटावर गोंदणाचे तीन ठिपके. मी तो हात घट्ट धरला आणि...”

“थांब.” नंदाबाईची बोटे सुपात थांबली होती. “हात वरून आला म्हनतेस. मंग खाली कोन होतं, बाई?”

योगेश्वरी हसायला गेली, पण हसू आलेच नाही. तिने आपले मनगट पाहिले. कोरे होते. गोंदण गुंजनचे, हे तिला नेहमीच माहीत होते. पण तो हात वरून आला होता, आणि चिखल तिच्या स्वतःच्या नाकात होता. दुसऱ्यांच्या गोष्टीतली असली फट तिने शेकडो वेळा लाल पेनाने अधोरेखित केली होती.

“तुहा पाय घसरला होता,” नंदाबाई म्हणाली. “तिनं उडी घेतली. तुले पाळीवर ढकललं. तिले ढकलाले कोनी नवतं.”

“आणि चिचगड?”

“चिचगडले माहा भाऊ राहे. तेवढंच खरं.”

धक्क्यातूनच योगेश्वरीला राग आला. “म्हणजे बाबांनी रचलं हे सगळं? लोकांनी बोट दाखवू नये म्हणून?”

“बापाले कायले नाव ठेवतेस? मी रचलं.” नंदाबाईने सूप बाजूला ठेवले. “दिवाईपावतर तोंडातून शब्द नवता तुह्या. जेवे नाई, झोपे नाई. माह्याशिवाय कोनापाशी राहे नाई. माही पोरगी गेलीच होती, अन् तू बी डोयादेखत जाऊन राहिली होती. मंग रोज सांजेले तुले मांडीवर घेऊन सांगत होती. तू काहाडलं गुंजनले, ते मामाच्या घरी हाय. सांगता सांगता एक दिवस तू बोलली, ‘मी काहाडलं.’ पयला शब्द तुहा. मंग मीच तुह्या बापाले म्हनलं, आता हिले इथून घेऊन जा. नाई तं गावात कोनी ना कोनी खरं सांगनच.”

योगेश्वरीला ओरडावे वाटत होते आणि आवाज फुटत नव्हता, सहाव्या वर्षी फुटत नव्हता तसाच.

“मी बदलते पुस्तक,” शेवटी ती कसेबसे म्हणाली. “गुंजनने मला वाचवलं, असंच लिहिते. तिचं नाव घालून.”

“लिव. पन आता अर्धी राहिली ते पुरी कर.”

“ती खोटी गोष्ट, मावशी?” योगेश्वरीने विचारले.

“मी सांगत होती ना, तवा रोज सांजेले माही पोरगी पान्यातून बाहीर निघे,” नंदाबाईने तिचे कोरे मनगट धरले. “तू गेली, अन् ऐकाले कोनी राहिलं नाई. बत्तीस वर्स झाले. सांग बाई, मंग निघाली ना माही गुंजन बाहीर?”